लिबकर्लने (नेटवरून डेटा आणणारी सी भाषेची लायब्ररी) पान डाउनलोड केलं, पण बफरमध्ये (डेटा साठवायच्या मेमरीत) शेवटचाच भाग उरतो. असं का?

कारण राइट कॉलबॅक (आलेला डेटा द्यायला लिबकर्ल बोलावतं ते तुमचं फंक्शन) एका डाउनलोडमध्ये अनेकदा बोलावला जातो, दर वेळी एकच तुकडा घेऊन, आणि तुम्ही तो दर वेळी बफरच्या सुरुवातीलाच लिहिताय. लिबकर्लच्या राइटडेटा पर्यायातून (यात दिलेला पत्ता कॉलबॅकला मिळतो) बफरचा पॉइंटर आणि लांबी ठेवणाऱ्या स्ट्रक्टचा पत्ता द्या. कॉलबॅकमध्ये जुनी लांबी + नवे बाइट + 1 एवढी मेमरी रिअॅलॉकने वाढवून घ्या, जुन्या लांबीपासून पुढे नवे बाइट मेमकॉपीने कॉपी करा, लांबी वाढवा आणि शेवटचा शून्य बाइट स्वतः लावा. लिबकर्ल तो लावत नाही, त्यामुळे त्या बाइटवरून शेवट ओळखणारी स्ट्रलेन, स्ट्रकॅट ही फंक्शन्स इथे नकोतच. कॉलबॅकने परत द्यायचा आकडा साइझ गुणिले एनमेंब (कॉलबॅकला मिळणारे दोन आकडे; गुणाकार म्हणजे तुकड्याचे बाइट); कमी दिलात तर ट्रान्सफर एरर 23 (लिहिण्यातली चूक) देऊन तुटतो (रिअॅलॉक फसल्यावर 0 परत द्यायचा तो याचसाठी). फाइल फार मोठी असेल तर मात्र मेमरीत साठवू नका, कॉलबॅकमधूनच एफराइटने थेट फाइलमध्ये लिहा.