मालीचे सोने कोठे गेले?

प्रश्न : मालीचा राजा मान्सा मूसा हा जगाच्या इतिहासातील सर्वांत श्रीमंत माणूस होता, असे वाचनात आले. ज्या साम्राज्यात इतके सोने होते ते लयाला कसे गेले? तेथील खाणी संपल्या होत्या का?

उत्तर : खाणी संपल्या नव्हत्या. मालीची सत्ता खचल्यानंतरही पश्चिम आफ्रिकेतून सोने बाहेर जातच राहिले. त्यावरचा कर मात्र मालीच्या खजिन्यात पडेनासा झाला. मूसाच्या संपत्तीचे आजच्या चलनातले जे आकडे सांगितले जातात, ते मला मुळीच पटत नाहीत, कारण त्याच्या खजिन्याची मोजदाद कोणी करून ठेवलेली नाही. ती संपत्ती येत कोठून होती, हे पाहिले तर ऱ्हासाचे कारण आपोआप कळते.

1235च्या सुमारास सुंदियाता केइता याने किरिनाच्या लढाईत सोसो या शेजारच्या राज्याचा राजा सुमांगुरू कांते याचा पराभव करून हे राज्य उभे केले. बांबुक आणि बुरे ही सोन्याची क्षेत्रे त्याच्या प्रभावाखाली होती. तरीही मालीच्या राजांनी तेथील लोकांवर पूर्ण ताबा मिळवण्याचा हट्ट धरला नाही. त्या लोकांना जिंकून त्यांच्यात इस्लामचा प्रसार केला की सोने निघणे कमी होते, असा अनुभव आल्यामुळे त्यांना त्यांच्या धर्मासह तसेच राहू देऊन केवळ खंडणी घेतली जाई, अशी हकीगत अल-उमरी या अरब लेखकाने नोंदवली आहे. खरी कमाई होती ती वाटेवर. सोने उत्तरेला जाई, मीठ दक्षिणेला येई आणि हे दोन्ही प्रवाह जेथे मिळत ती नायजर नदीकाठची शहरे मालीच्या हाती होती.

मिठाला तेथे काय मोल होते, हे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या वर्णनावरून कळते. 1352 मध्ये तो सहारा वाळवंटातील तघाझा या गावी पोहोचला, तेव्हा तेथील घरे आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची बांधलेली असून त्यांवर उंटांच्या कातड्यांची छपरे होती. गावात एकही झाड नव्हते. गुलाम जमीन खणून मिठाच्या जाड लाद्या काढत. उंटावरचे मिठाचे जे ओझे वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वालाता या गावी 8 ते 10 मिस्काल (सुमारे सव्वाचार ग्रॅमचे वजन) सोन्याला विकले जाई, त्यालाच मालीच्या राजधानीत 20 ते 30, प्रसंगी 40 मिस्काल मिळत. एवढ्या फरकाचा व्यापार ज्याच्या राज्यातून चालतो, त्याला स्वतः खाण खणावी लागत नाही.

1324 मध्ये हजला जाताना मूसाने कैरोत इतके सोने वाटले, की पूर्वी 25 दिरहमांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली न येणारा मिस्कालभर सोन्याचा भाव 22 दिरहमांवर उतरला आणि अल-उमरी सांगतो त्याप्रमाणे बारा वर्षांनंतरही भाव सावरला नव्हता. परतताना मात्र त्याच मूसाला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावे लागले. ही दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

1360 मध्ये मूसाचा भाऊ, तेव्हाचा राजा सुलेमान वारला आणि गादीसाठी घराण्यातच यादवी माजली. तीतून राजा झालेल्या मारी जाता याने खजिना उधळला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सोन्याचा एक प्रचंड गोळाही त्याने इजिप्शियन व्यापाऱ्यांना स्वस्तात विकला, असे अरब इतिहासकार इब्न खलदून लिहितो. पुढे वजीर आणि राजपुत्र यांच्या ओढाताणीत दूरच्या प्रांतांवर जरब बसवायला कोणी उरले नाही, आणि माझ्या मते साम्राज्य येथेच हरले. 1433 मध्ये सहारातील भटक्या तुआरेग टोळ्यांनी नायजरजवळचे टिंबक्टू हे व्यापारी शहर घेतले. 1468 मध्ये ते शेजारच्या सोंघाई राज्याचा राजा सुन्नी अली याच्याकडे गेले, पाठोपाठ जेने हे व्यापारी शहरही गेले आणि नदीवरचा व्यापार मालीच्या हातून कायमचा सुटला. दरम्यान पोर्तुगीज जहाजे किनाऱ्याला लागली होती. 1482 मध्ये त्यांनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधल्यावर सोन्याचा काही भाग वाळवंटाऐवजी समुद्राकडे वळला. जेने परत घेण्याचा मालीचा अखेरचा प्रयत्न 1599 मध्ये मोरोक्कोच्या बंदुकधारी सैन्यापुढे फसला.

राहिला खाणींचा प्रश्न. बुरेचा तो प्रदेश आज गिनी देशात सिगिरीच्या आसपास आहे, आणि तेथे अजूनही सोने निघते.