विभाजक काढतात, अवयव पाडतात

प्रश्न असा आला आहे: मुलांच्या गणितात आधी ‘१२ चे विभाजक लिहा’ असं येतं आणि पुढे ‘१२ चे मूळ अवयव पाडा’ असं. इंग्रजी माध्यमात दोन्हीकडे ‘फॅक्टर’च. मग मराठीत दोन शब्द कशाला? शिवाय ‘मूळ संख्या’ आणि ‘वर्गमूळ’ यांतलं मूळ एकच आहे का?

आधी क्रियापदं बघा. विभाजक आपण काढतो, शोधतो, लिहितो. ‘विभाजक पाडा’ असं कुणी म्हणत नाही. अवयव मात्र पाडायचे असतात. हे पाडणं झाडावरून कैऱ्या पाडण्यातलं नव्हे, वड्या पाडण्यातलं आहे. ताटात थापलेल्या सारणाच्या वड्या पाडल्या तरी सगळ्या मिळून ताटातलं सारण तेवढंच असतं. तसे १२ चे अवयव २ × २ × ३ असे पाडले, तर त्यांचा गुणाकार करून १२ परत मिळायलाच हवेत. विभाजकांवर ही अट नाही. १, २, ३, ४, ६ आणि १२ हे सहाही १२ चे विभाजक, कारण प्रत्येकाने १२ ला निःशेष भाग जातो. त्या सहांचा गुणाकार केला तर १७२८ येतात.

म्हणजे विभाजक ही दोन संख्यांमधली गोष्ट आहे: याने त्याला पूर्ण भाग जातो की नाही, एवढंच. अवयव म्हटलं की समोर अख्खी संख्या आणि तिची घडण येते. संस्कृत तर्कशास्त्रात अनुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे पाच ‘अवयव’ सांगतात, तेही याच अर्थाने: जोडले की पूर्ण वस्तू उभी राहते असे भाग. बीजगणितात म्हणूनच राशींचे अवयव पाडतात.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. मूळ संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात. १२ चे मूळ असलेले विभाजक विचारले तर उत्तर २ आणि ३, दोनच. मूळ अवयव पाडायला सांगितले तर २ दोनदा लिहावे लागतात. आणि १? तो प्रत्येक संख्येचा विभाजक आहे, पण मूळ अवयवांत त्याला जागा नाही. १ ला मूळ मानलं, तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तेवढ्या मांडण्या होतील. मग क्रम सोडला तर कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, हा सगळ्या अंकगणिताचा आधारच जाईल.

‘भाजक’ आणि ‘विभाजक’ यांतही गल्लत होते. १७ ला ५ ने भागताना ५ हा भाजक आहेच, पण बाकी २ उरते, म्हणून तो विभाजक नाही. बाकी शून्य आली तरच भाजकाला ‘वि’ लागतो. मसावि आणि लसावि यांतला ‘वि’ मात्र वेगवेगळा आहे: पहिल्यात (महत्तम सामाईक) विभाजक, दुसऱ्यात (लघुत्तम सामाईक) विभाज्य. हे एकदा सांगितलं, तर १२ आणि १८ चा मसावि ६ आणि लसावि ३६ का, हे मुलांना नावातूनच कळतं.

आता ‘मूळ’. मूळ संख्येतलं मूळ विशेषण आहे, ‘मूळ गाव’, ‘मूळ प्रत’ यांतल्यासारखं: दुसऱ्या कशापासून न झालेलं. वर्गमुळातलं मूळ नाम आहे, झाडाच्या मुळासारखं, आणि ते फार जुनं आहे, आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ‘वर्गमूल’ हाच शब्द वापरला आहे. दोन्ही एकाच शब्दाची रूपं, पण मराठी व्याकरण त्यांना वेगळं वागवतं. नामाला विभक्ती लागताच ऊ ऱ्हस्व होतो: वर्गमूळ, वर्गमुळाचा. विशेषण हलत नाही: मूळ संख्येचा, मूळ अवयवांत. म्हणून ‘मुळ संख्या’ हे लेखन चूक आहे, आणि ते फार दिसतं.

हल्ली हिंदी व्हिडिओंमुळे मूळ संख्येला ‘अभाज्य संख्या’ आणि अवयवाला ‘गुणनखंड’ हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी येऊ लागलेत. गुणनखंड एक वेळ चालेल, पण अभाज्यला माझा विरोध आहे. हिंदीत भाज्य संख्या म्हणजे आपली संयुक्त संख्या, दोनाहून जास्त विभाजक असलेली. मराठीत भाज्य म्हणजे ज्याला भागायचं ते, मग १३ ला ४ ने भागताना १३ सुद्धा भाज्यच! एकाच तासाला मुलाने १३ ला भाज्यही म्हणायचं आणि अभाज्यही? शिवाय ‘मूळ’मुळे पुढचे शब्द किती सहज घडतात: ११ आणि १३ या जोडमूळ, कारण दोन्ही मूळ आणि त्यांच्यात फरक २ चा; ८ आणि ९ या सहमूळ, दोन्हींपैकी एकही मूळ नसताना, कारण त्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही.

तेव्हा घरी शिकवताना ८४ घ्या आणि दोन्ही वाक्यं मुलीकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ‘८४ चे विभाजक काढ’ म्हटल्यावर १ पासून ८४ पर्यंत बारा संख्यांची यादी हवी. ‘८४ चे मूळ अवयव पाड’ म्हटल्यावर उभ्या मांडणीत २, २, ३, ७ आणि खाली १ आला की हात थांबला पाहिजे.