रविवार आला का जीवावर येते

"म्याडम, इथं रविवार आला का जीवावर येते." जानेवारीतली संध्याकाळ. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या माझ्या सल्ला द्यायच्या खोलीत फोन टेबलावर उभा करून बसले होते आणि समोर पडद्यावर जर्मनीतल्या श्टुटगार्टमधला एकतीस वर्षांचा मुलगा. गाव इथून जवळच, वडलांची कोरडवाहू शेती. नोकरी चांगली, पगार चांगला, तब्येत ठणठणीत. तक्रार कशाची, तर सुट्टीची. (त्याच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

परदेशी गेलेल्या मुलांकडून आणि सुनांकडून हा प्रश्न अलीकडे बराच येतो. कामाचं ठीक चाललंय, पण मोकळ्या वेळाचं काय करू? आधी मी झोप, भूक, वजन विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर ते छंदाचं काम नाही, त्याला डॉक्टरच लागतो. याचं तसं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत तिथे साडेचार-पाचला अंधार पडतो, म्हणून दुपारी उजेडात अर्धा तास पायी फिर, एवढं मात्र सांगितलं.

मग माझी चूक झाली. मी यादी दिली: जिम, पोहणं, फोटोग्राफी. तीन आठवड्यांनी कळलं की जिमचे पैसे भरले आणि दोनदा गेला.

"छंद मले नव्हतेच म्याडम. गावात कोनाले असते?"

खरंच होतं. आपल्याकडे छंद असतात ते लग्नाच्या बायोडाट्यात. वाचन, प्रवास, संगीत. ते लिहिणाऱ्या पोरानं अकोल्यापलीकडे प्रवास केलेला नसतो. पण म्हणून गावातली माणसं चोवीस तास राबतात असंही नाही.

त्याचं दुसरं दुखणं हळूहळू बाहेर आलं. सोफ्यावर टेकलं की वडील डोळ्यांपुढे येतात, वावरात डवरा, म्हणजे तण काढायचं बैलाचं अवजार, धरलेले. "बाबा उन्हात अन् मी इथं पाय लांब करून." दर रविवारी तो दोन तास घरी फोन करायचा आणि कापसाचा भाव, विहिरीचं पाणी, सोसायटीचं कर्ज विचारत बसायचा. फोन ठेवला की आणखी जड व्हायचा. आणि हा राहतो कुठे, तर रविवारची विश्रांती ज्यांच्या राज्यघटनेत लिहिलेली आहे, त्या देशात. दुकानं बंद, शेजारी भिंतीत ड्रिल मारू देत नाहीत. आख्खा देश बसलेला आणि हा एकटा अपराधी!

मी यादी फाडली. म्हटलं, एवढंच आठव, शाळेत असताना कोणी सांगितलेलं नसताना तू काय करत बसायचास?

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "झडीत बाबासंग दोर वयायचो."

श्रावणात झड लागली की आपली काळी जमीन माणसाला आत घेत नाही. पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. निंदण बंद, डवरणी बंद. वडील गोठ्यात पोत्यावर बसून पोळ्यासाठी दोर वळायचे. एक टोक याच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरं त्यांच्या तळहातांत. याचं काम पीळ सुटू न देणं. मग म्होरकी, म्हणजे बैलाच्या तोंडावरचा दोर, गुंफायची, वेसणीला रंग द्यायचा, लाल-पिवळे गोंडे बांधायचे. बोलणं फारसं नाही. वर टिनावर पाऊस. हे सांगताना त्याचा उजवा हात पडद्यावर आपोआप फिरत होता, मांडीवर दोर वळल्यासारखा.

तेव्हा मला उलगडलं. गावात फुरसत माणूस घेत नव्हता, पाऊस देत होता. बसलं तरी कोणी नाव ठेवत नव्हतं, कारण वावरात जाताच येत नव्हतं. श्टुटगार्टमध्ये झड लागून काम काही थांबत नाही. तिथे याला ती पैसे भरून आणावी लागणार होती.

जर्मनीत गावोगावी प्रौढांसाठी फोक्सहोखशूले नावाच्या संस्था असतात. माफक फीमध्ये भाषेपासून सुतारकामापर्यंतचे वर्ग. त्यात दोरीच्या गाठींचा, मॅक्रमेचा वर्ग त्यानं स्वतः शोधला. मंगळवारी संध्याकाळी, आठ आठवडे. मन लागेल तेव्हा जाईन, असं म्हणत होता. मी म्हटलं, मनाला विचारूच नकोस, मंगळवार आला की उठ. मन येईल मागून.

वर्गात पुरुष हा एकटाच. पहिले दोन मंगळवार मान खाली. तिसऱ्या वेळी त्यानं न विचारता गोंडा बांधला आणि शेजारच्या आजीबाईंनी तो सोडून पुन्हा बांधायला लावला. मग तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये वीस मिनिटं बैल, पोळा, तोरण. वेसणीला शब्द सापडेना तेव्हा स्वतःचंच नाक धरून दाखवलं म्हणे.

रविवारचा फोनही बदलला. भाव आणि कर्ज बुधवारी. रविवारी फक्त गोंड्याचं शेवटचं टोक कसं दडवायचं, ते. वडील तसे मोजून-मापून बोलणारे, पण कॅमेऱ्यासमोर सुतळी धरून बसू लागले. सगळं सुधारलं असं नाही. दुपारपर्यंतचा रविवार त्याला अजून जड जातो, आणि पुढच्या नोव्हेंबरचं मला आत्तापासून टेन्शन आहे.

पोळ्याच्या आधी येणाऱ्या एका मित्रासोबत त्यानं म्होरकी पाठवली. घरचे बैल दोन वर्षांपूर्वीच विकले. वडील तहसीलच्या कामाला आले तेव्हा ती थैलीत घेऊन माझ्याकडे आले.

"पाहा म्याडम, पोरानं केली." मी हातात घेतली, छान आहे म्हटलं. त्यांनी परत घेतली, उजेडाकडे धरली, बोट एका जागी थांबलं.

"इथं पीय उलटा देल्ला त्यानं."

आणि माझ्या बाकावर बसून नखानं ती गाठ सोडवायला लागले. बाहेर दोघं जण नंबरला होते. त्यांना म्हटलं, दहा मिनिटं बसा.