३२ बिटचा प्रोग्रॅम, ६४ बिटचा कर्नल

प्रश्न : लिनक्ससाठी मी एक कॅरॅक्टर ड्रायव्हर (डिव्हाइस फाइलमधून उपकरण वापरू देणारा कर्नलमधला कोड) लिहिला आहे. ६४ बिटच्या प्रोग्रॅममधून त्याचा आयऑक्टल (ड्रायव्हरला कमांड देणारा सिस्टिम कॉल) नीट चालतो. तोच प्रोग्रॅम ३२ बिटसाठी कंपाइल केला, की डिव्हाइस फाइल उघडते, पण आयऑक्टलला ईनोटीटीवाय एरर येते. चूक कुठे असेल?

उत्तर : एररच्या नावातल्या टर्मिनलकडे (टीटीवाय) दुर्लक्ष करा. तिचा अर्थ एवढाच, की हा कमांड नंबर या ड्रायव्हरला ओळखता आला नाही. तुमच्याकडे बहुधा दोन चुका एकीखाली एक दडल्या आहेत. पहिली काढली तरी एरर तीच दिसेल.

पहिली सोपी. ६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटच्या प्रोसेसचा कॉल अनलॉक्ड_आयऑक्टल या नेहमीच्या फंक्शनकडे जातच नाही. त्यासाठी फाइल ऑपरेशन्समध्ये (ड्रायव्हरच्या फंक्शनांच्या यादीत) कंपॅट_आयऑक्टल भरावा लागतो. कर्नल ५.५ किंवा पुढचा असेल आणि सगळ्या कमांड पॉइंटरच घेत असतील, तर तिथे तयार कंपॅट_पीटीआर_आयऑक्टल लावा.

दुसरी चूक आयऑक्टलला दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये शोधा. कमांड नंबर बनवणारा आयओडब्ल्यूआर मॅक्रो स्ट्रक्चरचा आकार त्या नंबरातच कोंबतो, १६ ते २९ या बिटांत. समजा, आधी यू३२ आणि मग यू६४ (३२ आणि ६४ बिटचे पूर्णांक) असे दोन फील्ड आहेत. ६४ बिट एक्स८६ वर कंपायलर मध्ये ४ बाइट मोकळे सोडतो, आकार १६ होतो. ३२ बिट एक्स८६ वर यू६४ ला ४ चेच अलाइनमेंट (४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरुवात) पुरते, आकार १२ भरतो. म्हणजे नंबरच बदलला, आणि तुमचा स्विच डिफॉल्टला, म्हणजे अनोळखी कमांडच्या शाखेत गेला. दोन्ही प्रोग्रॅममधून नंबर हेक्समध्ये छापून पाहा : एकाची सुरुवात सी०१० ने, दुसऱ्याची सी००सी ने. (३२ बिट एआरएमवर यू६४ चे अलाइनमेंट ८ असते, म्हणून तिथे ही चूक लपून राहते.)

उपाय असा : यू३२ नंतर यू३२ पॅड (मोकळी जागा भरणारा फील्ड) स्वतः लिहा. लाँग आणि पॉइंटर स्ट्रक्चरमध्ये नकोत. पत्ता यू६४ म्हणून पाठवा. पॅडमध्ये शून्य नसेल तर ईइन्व्हॅल (अवैध इनपुटची एरर) द्या, म्हणजे पुढे ती जागा फ्लॅगसाठी वापरता येईल.

प्रश्न : चुकीचा पत्ता दिला तरी माझा आयऑक्टल एरर न देता २४ परत करतो. का?

उत्तर : प्रोग्रॅमच्या मेमरीतून डेटा कर्नलमध्ये आणणारा कॉपी_फ्रॉम_यूझर एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या देतो. तीच तुम्ही तशीच परत केली आहे. संख्या शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याची एरर) परत करा.