ऑथेल्लो एका रुमालावरून बायकोचा जीव कसा घेतो? तो इतका मूर्ख आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातला एवढा मोठा सेनापती एका रुमालापायी बायकोला कसा मारतो, आणि त्याच्या हाताखालच्या यागोला हे सगळं करून नेमकं मिळवायचं तरी काय असतं. कॉलेजात असताना मी या नाटकात एमिलियाचं, म्हणजे यागोच्या बायकोचं, काम केलं होतं. तेव्हापासून हे नाटक माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी रुमालाचं बघू. ऑथेल्लोने बायकोला, म्हणजे डेस्डेमोनाला, दिलेला रुमाल यागो कॅसिओच्या, म्हणजे ऑथेल्लोच्या लेफ्टनंटच्या, खोलीत टाकतो आणि त्या दोघांचे संबंध आहेत याचा पुरावा म्हणून वापरतो. ऑथेल्लो रुमालामुळे फसला असं सगळेच म्हणतात, पण तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हातात घेऊन क्रम लावून बघा. यागो रुमालाचा विषय काढतो तो प्रवेशाच्या अगदी शेवटी. त्याआधीच ऑथेल्लोने ‘मी लग्न केलंच कशाला’ असं म्हणून झालेलं असतं. सैन्य, नगारे, घोडे, निशाणं या सगळ्यांचा निरोप घेऊन झालेला असतो. ‘तिचे तुकडे तुकडे करीन’ हे वाक्यसुद्धा बोलून झालेलं असतं. रुमाल येतो तो यानंतर. शिवाय तो रुमाल पडतो ऑथेल्लोच्याच समोर. त्याचं डोकं दुखतंय म्हणून डेस्डेमोना तो कपाळाला बांधायला जाते, तो झिडकारतो, रुमाल खाली पडतो, आणि ‘राहू दे तो’ असं तोच म्हणतो. थोड्या वेळाने त्याच रुमालाचा हिशोब तो तिच्याकडे मागतो. म्हणजे निकाल आधी लागलेला आहे आणि पुरावा मागाहून जोडला जातोय.

मग निकाल लागतो कशाने? त्या प्रवेशात यागो बराच वेळ काही सांगतच नाही. ऑथेल्लोला येताना पाहून कॅसिओ लगबगीने निघून जातो. यागो नुसतं म्हणतो, हे मला बरं वाटलं नाही. ‘काय म्हणालास?’ काही नाही सरकार. मग तो एक साधा प्रश्न टाकतो: तुमचं प्रेम जमत होतं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? ऑथेल्लो म्हणतो, होय, पहिल्यापासून. यावर यागो ‘असं होय!’ एवढंच बोलतो आणि गप्प बसतो. आता ऑथेल्लोला राहवत नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग, सांग, म्हणून तोच मागे लागतो. यागो टाळतो, आढेवेढे घेतो, आपला स्वभावच संशयी आहे म्हणतो, आणि वर ‘मत्सरापासून जपा’ असा उपदेशही करतो. पदर पसरून मागितलेली गोष्ट माणूस नंतर खोटी मानू शकत नाही. ऑथेल्लोने हे विष स्वतः मागून घेतलंय, आणि यागोची खरी कारागिरी इथे आहे.

हीच युक्ती त्याने आदल्या रात्री वापरलेली असते. कॅसिओ दारू पिऊन भांडतो, ऑथेल्लो यागोला साक्ष विचारतो, आणि यागो म्हणतो की कॅसिओविरुद्ध बोलण्यापेक्षा माझी जीभ छाटलेली बरी. मग सगळं सांगतो. ऑथेल्लो तिथल्या तिथे कॅसिओला पदावरून काढतो. रणांगणावरच्या माणसाचा हा निवाडा: हाताखालच्या भरवशाच्या माणसाने खबर आणायची आणि आपण क्षणात ठरवायचं. उभं आयुष्य लढायांत काढलेल्या सेनापतीची ही सवय मूर्खपणाची नव्हती, ती त्याला जिवंत ठेवणारी होती. घरात तीच त्याच्यावर उलटली.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त झोंबते. ऑथेल्लो व्हेनिसचा नाही. तो काळा आहे, परका आहे, वयाने मोठा आहे. व्हेनिसला तुर्कांशी लढायला तो हवा आहे, जावई म्हणून नको आहे. डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शिओ त्याला घरी बोलवायचा, त्याच्या कथा ऐकायचा, पण मुलीने त्याच्याशी लग्न केल्यावर भर सभेत म्हणाला की हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. यागो हे वाक्य विसरत नाही. योग्य वेळी तो तेच परत काढतो, आणि त्याच्या जोडीला सांगतो की आमच्या व्हेनिसच्या बायकांच्या रीती मला ठाऊक आहेत, नवऱ्यापासून लपवायचं ते त्या फक्त देवाला दिसू देतात. यावर ऑथेल्लो काय बोलणार? त्या समाजात तो वाढलेला नाही, त्यामुळे आतल्या माणसाच्या शब्दावर विसंबण्यावाचून त्याच्याकडे उपाय नाही. यागो निघून गेल्यावर तो स्वतःशी बोलतो तेव्हा पहिली कारणं हीच निघतात: मी काळा, मला गोड बोलता येत नाही, माझं वय उतरणीला लागलंय. ती आपल्यावर इतकं प्रेम करते हेच त्याला कुठेतरी खरं वाटत नव्हतं. काळा माणूस म्हणून तो मुळातच तापट आणि संशयी, असं वाचणारे अजून भेटतात. मला ते वाचन अन्यायाचं वाटतं. नाटकात मत्सराने पहिल्यांदा पोखरलेला माणूस ऑथेल्लो नाहीच.

तो यागो आहे. इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. लेफ्टनंटचं पद कॅसिओला मिळालं म्हणून यागो चिडलाय, हे तर तो सुरुवातीलाच सांगतो. पण पहिल्या अंकाच्या शेवटी तो एकटा असताना आणखी एक बोलतो: ऑथेल्लोने माझ्या बायकोशी संबंध ठेवला असं लोक म्हणतात, खरं-खोटं मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावरून मी ते खरं धरून चालणार. पुढे ऑथेल्लोला तो जसा वागायला लावतो, तो स्वतः तसाच वागतोय! दुसऱ्या अंकात हा विचार आपली आतडी कुरतडतोय असंही तो म्हणतो. ही सगळी सबब आहे, असं अनेक टीकाकार मानतात. इंग्रज कवी आणि टीकाकार कोलरिजने तर यागोच्या दुष्टाव्याला कारणच नाही, तो कारणं शोधत फिरतो, असं म्हटलं. मला ते पुरतं पटत नाही, कारण चौथ्या अंकात एमिलिया नवऱ्याच्या तोंडावर बोलून जाते की असाच कुणीतरी नालायक असणार, ज्याने तुझं डोकं फिरवून माझ्यावर ऑथेल्लोवरून संशय घ्यायला लावला. म्हणजे त्या घरात हे भांडण झालेलं आहे. एमिलिया डेस्डेमोनाला सांगते की मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी आहे म्हणून मत्सर करतो. ते तिला पुस्तकातून कळलेलं नाही.

शेक्सपिअरने हे मुद्दाम घडवलंय. मूळ गोष्ट चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाची, 1565 साली छापलेली. तिच्यात यागोच्या जागी असलेला अधिकारी डेस्डेमोनाच्याच प्रेमात पडलेला असतो आणि ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. कारण सरळ आहे. रुमाल तो स्वतः चोरतो, आपली तीन वर्षांची मुलगी डेस्डेमोनाच्या कडेवर असताना. त्याच्या बायकोला सगळं ठाऊक असतं, पण ती भीतीने तोंड उघडत नाही. शेक्सपिअरने 1604 च्या आसपास नाटक लिहिताना ते सरळ कारण जवळजवळ पुसून टाकलं आणि रुमाल एमिलियाच्या हाती दिला.

आता ज्या जागेवर मी सगळ्यात जास्त अडले ती सांगते. तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश. डेस्डेमोना विचारते, एमिलिया, तो रुमाल मी कुठे हरवला असेन गं? एमिलिया म्हणते, मला नाही माहीत बाईसाहेब. एवढंच. रुमाल तिनेच उचललाय, नवऱ्याला दिलाय, कशाला हवा हे विचारलं तर त्याने हाकलून दिलंय. लगेच ऑथेल्लो येतो, रुमाल मागत थयथयाट करतो, आणि एमिलिया तिथेच उभी असते. तालमीत मला ते वाक्य कसं बोलावं ते उमगेना. सहज बोललं तर ती निर्ढावलेली वाटते, अडखळत बोललं तर प्रेक्षकांना वाटतं ती आता सांगणार. दिग्दर्शकांनी एवढंच सांगितलं की डेस्डेमोनाकडे न बघता हातातलं काम चालू ठेव. मग जमलं. यागोचा विश्वासघात राक्षसी आहे, आपल्यातला कुणी तसा वागणार नाही. एमिलियाचा तसा नाही. नवऱ्याची मर्जी राखायला ती एक गोष्ट लपवते, तिचा अर्थ काय होईल याची तिला कल्पना नसते.

मराठीशी याचा जवळचा संबंध आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ लिहिलं, ते 1890 चं. त्याच देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आपण हसत हसत बघतो. तिथेही फाल्गुनराव हा संशयी नवरा आहे, आणि रुमालाच्या जागी अश्विनशेठची तसबीर आहे, जी त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, हाती लागते. मग ते नाटक सुखाने का संपतं? फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर तोंडावर आरोप करतात, घर डोक्यावर घेतात, आणि शेवटी सगळे समोरासमोर येऊन तसबिरीचा उलगडा होतो. मधे बसून आग लावणारा यागो तिथे नाही. ऑथेल्लो डेस्डेमोनाला वाटेल ते बोलतो, चारचौघांत तिच्यावर हात उचलतो, पण तुझ्यावर अमुक आरोप आहे हे कॅसिओचं नाव घेऊन सांगतो ते थेट शेवटच्या रात्री, तिच्या बिछान्यापाशी. यागोला घाईही त्यासाठीच आहे. तुर्कांशी लढायला सगळे सायप्रस बेटावर जातात, आणि तिथे पोचल्यापासून सगळं जेमतेम दोन दिवसांत उरकतं, कारण यातली कुठलीही दोन माणसं निवांत बोलली असती तर त्याचा डाव फुटला असता.

आणि शेवटी फुटतो तो एमिलियामुळेच. रुमालाचं नाव निघताच तिला सगळं कळतं. नवरा तलवार उपसून गप्प राहायला सांगतो, पण चिंथिओच्या गोष्टीतल्या बाईने जे केलं नाही ते ही करते. रुमाल मी उचलला आणि याला दिला, असं सगळ्यांसमोर सांगते आणि त्यापायी मरते. मला हे नाटक तिच्यामुळे सोसतं.

त्यानंतर ऑथेल्लो जखमी कॅसिओला विचारतो, तो रुमाल तुझ्याकडे आला कसा? कॅसिओ म्हणतो, माझ्या खोलीत सापडला. सगळा उलगडा व्हायला एक प्रश्न आणि एक उत्तर पुरलं. डेस्डेमोना तेव्हा शेजारी मरून पडलेली आहे. असं का केलंस असं यागोलाही विचारतात, आणि तो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.