बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं यंत्र) रोज 12 तास काम. झोप नाही, पित्त, चिडचिड. हा आळस की आजार?

आळस नक्कीच नाही. आळशी माणसाला सुट्टीत बरं वाटतं. तुम्हाला रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारचं टेन्शन येत असणार. मला यायचं. खानापूरहून बसनं येताना पिरनवाडी आली की पोटात गोळा!

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली: शक्ती संपणं, कामाबद्दल तिटकारा, हातून नीट काम न होणं. त्यांच्या लेखी हा आजार नव्हे, कामातून येणारी अवस्था आहे. पण ती अंगावर काढली तर आजार येतातच. ताण असला की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन सोडतं. ते रोजचंच झालं की बीपी चढतं, झोप उडते, साखर बिघडते. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त, असं याच संघटनेचा 2021 चा अहवाल सांगतो. तुमचे तर 72 होतात.

आधी बीपी, साखर, थायरॉईड तपासून घ्या. थकवा थायरॉईडचाही असू शकतो. छातीत दुखलं तर मात्र पित्त समजून सोडा पीत बसू नका, थेट दवाखाना. ओव्हरटाइम आठवड्यातून दोन दिवस तरी नाकारून बघा (हप्ते असतात, माहीत आहे). रात्रपाळीत चहा-गुटखा कमी. मनाचं बोलायला 14416 वर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास. धारवाडचं डिमहान्स (मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) हेही फार लांब नाही.