मिडी फाईलचा ठेका डळमळतो आणि कीबोर्डचा सूर उशिरा येतो, साउंड ड्रायव्हर बदलू का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन तक्रारी आहेत. विंडोज लॅपटॉपवर मिडी फाईल (तिच्यात आवाज नसतो, कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना असतात) लावली की ठेका मधेच डळमळतो, आणि यूएसबीने जोडलेला कीबोर्ड वाजवला की सूर बोटामागून येतो. ड्रायव्हरला हात लावण्याआधी या दोन तक्रारी वेगळ्या करा. आवाज दर वेळी तितकाच उशिरा येत असेल तर ती लॅटेन्सी. कधी आधी, कधी नंतर पडत असेल तर तो जिटर. मी कार्यक्रमांसाठी मिडी ट्रॅक बांधतो, आणि वादकांचा सगळ्यात जास्त वेळ हा फरक न करता ड्रायव्हर काढून-घालून बघण्यात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उशिराचं सोपं आहे. विंडोजसोबत आयता येणारा मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ फाईल ऐकण्यापुरता ठीक आहे, त्यावर हाताने वाजवता येत नाही, इतका तो मागे राहतो. एखादा सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे सूचनांवरून आवाज तयार करणारा प्रोग्रॅम, घ्या आणि तो आसिओ (ASIO) या कमी उशिराच्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालवा. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, असेल तर त्याच कंपनीचा आसिओ, नसेल तर आसिओफॉरऑल. मग बफर बघा, म्हणजे वाजण्याआधी आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) जिथे साठतात ती जागा. सेकंदाला किती सॅम्पल वाजतात तो सॅम्पल रेट. बफरमधल्या सॅम्पलना सॅम्पल रेटने भागलं की वेळ निघतो: 44,100 ला 1024 चा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद, 256 चा म्हणजे सहाच्या आत. यूएसबी आणि इंटरफेसचा थोडा वेळ त्यावर लागतोच. 256 पासून सुरू करा, आवाज फुटायला लागला तर 512 वर या. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर तो आधी काढा, त्याच्या उशिरापुढे बफरचा काही इलाज चालत नाही.

डळमळण्याचं मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडी लिहायच्या आणि वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक रिकामी फाईल उघडा, दहाव्या चॅनेलवर 42 नंबरचा सूर, म्हणजे बंद हाय-हॅट, मात्रेला चार या हिशोबाने माउसनेच भरा. त्याचा ठोका टोकदार असतो, त्यामुळे वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सुरुवात नेमकी दिसते. टेम्पो 110 ठेवा, 120 ठेवू नका. 120 ला दोन ठोक्यांतलं अंतर 125 मिलिसेकंद येतं. विंडोजचा टायमर मुळात सेकंदाला 64 वेळा चालतो, म्हणजे 15.625 मिलिसेकंदांनी एकदा, आणि त्याची आठपट बरोब्बर 125 होते. त्यामुळे टायमरचा दोष 120 ला झाकला जातो. 110 ला अंतर 136.4 यायला हवं.

आता ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होस्ट म्हणून वासापी (WASAPI, विंडोजची स्वतःची ऑडिओ व्यवस्था) निवडा, इनपुटला स्पीकरचा लूपबॅक द्या, म्हणजे स्पीकरला जाणारा आवाजच रेकॉर्ड होईल, आणि फाईल रेकॉर्ड करा. आसिओवर हे चालत नाही, तिथे इंटरफेसच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटला लावावी लागते. रेकॉर्डिंग मोठं करून ठोक्यांमधली अंतरं मोजा.

अंतरं 125 आणि 141 च्या आसपासच उड्या मारत असतील तर दोष फाईल वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. त्याने विंडोजकडून बारीक टायमर मागून घेतलेला नाही. ड्रायव्हर कितीही बदला, फरक पडणार नाही, प्लेअर बदला. 116 आणि 139 अशी येत असतील तर सिंथ सगळे सूर बफरच्या तोंडाशी आणून टाकतोय, कारण 1024 चा बफर पाच वेळा घेतला की 116 होतात आणि सहा वेळा घेतला की 139. इथे बफर लहान केला की लगेच सुधारतं. आणि बहुतेक अंतरं चोख असून मधेच एखादं भलतंच निघालं, सोबत कटकट ऐकू आली, तर दुसराच कुठला तरी ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतोय. लॅटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, ते अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव दाखवतं. लॅपटॉपवर बऱ्याचदा वाय-फाय निघतं, कधी बॅटरीवर लक्ष ठेवणारा ड्रायव्हर. वाजवताना वाय-फाय बंद ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, त्यातलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

सगळी अंतरं 136 च्या आसपास आली तर लॅपटॉप निर्दोष आहे. मग तुमची मूळ फाईल उघडून बघा. पुष्कळ फाईली कुणीतरी हाताने वाजवून तशाच ठेवलेल्या असतात, क्वांटाईझ न करता, म्हणजे सूर नेमक्या मात्रेवर न बसवता, किंवा मधे टेम्पो बदललेला असतो.

एक गोष्ट आपल्या संगीताच्या बाबतीत हमखास होते, म्हणून सांगतो. आवाज काढणारं बाहेरचं मॉड्यूल जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरने जोडलं असेल, तर त्या वायरचा वेग 1983 पासून सेकंदाला 31,250 बिट एवढाच आहे. एका सुराच्या संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. मींड घेण्यासाठी पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं, चाक फिरवलं की संदेशांची रांग लागते आणि तबल्याचे बोल त्या रांगेत मागे अडकतात. सिक्वेन्सरमध्ये पिच बेंडचे ठिपके विरळ करा, निम्मे काढले तरी मींड कानाला तशीच लागते. स्वस्तातल्या बिननावाच्या यूएसबी-मिडी वायरींवरही भरवसा ठेवू नका, दाट ट्रॅकवर त्या संदेश गाळतात.

कीबोर्डची लॅटेन्सी मोजायला फोन पुरतो. तो कीच्या आणि स्पीकरच्या मधे ठेवा, कीबोर्डचा स्वतःचा आवाज शून्यावर आणा आणि एक की जोरात दाबा. कीची टक आणि सूर यांतलं अंतर त्या रेकॉर्डिंगमध्ये दिसेल. दहा मिलिसेकंदांच्या आत आलं तर हाताला जाणवत नाही. तीस-चाळीस आलं तर द्रुत लयीत हात आखडायला लागतो.

मोजलेली अंतरं आणि सध्याचा बफर किती आहे ते इथे लिहा, मग ड्रायव्हरचं नक्की काय करायचं ते सांगतो.